संगणकात व्हायरस शिरला तर : ओळख, तपासणी आणि सफाईचा क्रम

संगणक अचानक संथ चालू लागला किंवा पडद्यावर लाल चौकटीत इशारा झळकला, की नवखा माणूस घाबरतो आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या हातून ज्या गोष्टी घडतात, त्यांनीच पुष्कळदा व्हायरसपेक्षा जास्त नुकसान होते. कोणी त्या चौकटीतल्याच बटणावर क्लिक करतो, कोणी एकापाठोपाठ तीन अँटिव्हायरस डाउनलोड करून बसवतो, कोणी त्याच संगणकावर बसून बँकेचा पासवर्ड बदलतो, आणि कोणी महत्त्वाच्या फाइली वाचवायच्या म्हणून आपली एकुलती एक बॅकअपची हार्ड डिस्क त्याच यंत्राला जोडतो. या चारही गोष्टी एरवी योग्य वाटाव्यात अशा आहेत. चुकते ती त्यांची वेळ. व्हायरसची सफाई करण्यासाठी फार साधने लागत नाहीत, पण क्रम मात्र सांभाळावा लागतो. या लेखात तो क्रम का आणि कसा पाळायचा हे सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः विंडोजची घेतली आहेत, कारण नवशिक्यांपैकी बहुतेकांच्या संगणकावर तीच असते.

व्हायरस म्हणजे नेमके काय

व्हायरस हा एक प्रोग्रॅम असतो, एवढे नीट समजले तरी निम्मी भीती जाते. पत्र लिहिण्याचा किंवा चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम जसा कोणीतरी लिहिलेला असतो, तसाच हाही असतो. मात्र तो स्वतःच्या प्रती इतर फाइलींमध्ये किंवा डिस्कवर घुसवतो, आणि ज्याचा संगणक आहे त्याला विचारत नाही. डिस्कच्या कोपऱ्यात नुसत्या पडून असलेल्या व्हायरसला काहीही करता येत नाही. त्याला कोणीतरी चालवावे लागते: फाइल उघडणाऱ्या माणसाने, संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या यादीने, किंवा एखाद्या सदोष प्रोग्रॅमने. बचावाचे आणि सफाईचे सगळे उपाय शेवटी या एकाच गोष्टीभोवती फिरतात, की नको तो प्रोग्रॅम चालू द्यायचा नाही आणि चालू असेल तर थांबवायचा.

अमेरिकेतील संशोधक फ्रेड कोहेन यांनी विद्यार्थीदशेत, १९८३ मध्ये, असा प्रोग्रॅम प्रयोग म्हणून लिहून दाखवला. त्याला व्हायरस हे नाव त्यांचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी सुचवले. नाव मिळण्यापूर्वीच, १९८२ मध्ये, रिच स्क्रेंटा या १५ वर्षांच्या मुलाने अॅपल २ संगणकासाठी एल्क क्लोनर नावाचा खोडकर प्रोग्रॅम लिहिला होता, जो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत असे आणि त्या फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा संगणक सुरू केला की एक छोटी कविता दाखवत असे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या ब्रेन या व्हायरसमध्ये तर त्यांचे स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होता. आजचे व्हायरस लिहिणारे असे भोळे राहिलेले नाहीत. त्यांना पैसा हवा असतो, आणि म्हणूनच आजचा व्हायरस शक्यतो स्वतःची चाहूल लागू देत नाही.

बोलीत आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो, पण काही प्रकार वेगळे ओळखता आले तर उपाय ठरवणे सोपे जाते. वर्म हा दुसऱ्या फाइलीचा आधार न घेता नेटवर्कवरून स्वतःच एका संगणकातून दुसऱ्यात जातो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म एकाच यंत्रावर पुन्हापुन्हा शिरत राहिला आणि स्वतःच्याच प्रतींच्या ओझ्याने त्याने हजारो यंत्रे ठप्प केली. ट्रोजन स्वतःच्या प्रती काढत नाही. तो उपयोगी वस्तूचे सोंग घेतो आणि आपणच त्याला हाताने बसवतो. स्पायवेअर टाइप केलेली अक्षरे, साठवलेले पासवर्ड आणि पडद्यावरचे चित्र गुपचूप बाहेर पाठवतो. रॅन्समवेअर फाइलींना कुलूप घालून खंडणी मागतो. ही कल्पनाही नवी नाही: १९८९ मध्ये टपालाने वाटलेल्या एका फ्लॉपीने डिस्कवरील फाइलींची नावे वाचता येणार नाहीत अशी करून १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीवर पाठवायला सांगितले होते.

तो आत येतो कसा

हा भाग सावकाश वाचावा, कारण आत येण्याचे मार्ग मोजकेच आहेत आणि त्यांतले बहुतेक आपल्याच हाताने उघडले जातात.

सर्वांत जुना आणि अजूनही चालणारा मार्ग म्हणजे सोंग घेतलेली फाइल. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेला आय लव्ह यू हा वर्म ईमेलसोबत प्रेमपत्राच्या रूपाने येत असे. त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी आधी साध्या मजकुराची खूण होती आणि तिच्यापुढे, अगदी शेवटी, चालणाऱ्या स्क्रिप्टची, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमची. विंडोज ओळखीच्या फाइलींचे शेवटचे अक्षरगट दाखवत नाही, त्यामुळे लोकांना फक्त मजकुराचीच खूण दिसली. एवढी वर्षे उलटूनही ही सोय मूळ स्थितीत तशीच असते. म्हणून नव्या संगणकावर पहिले काम हे करावे: फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, आणि त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स या ओळीवर खूण करावी. यापुढे बिल, फोटो किंवा पत्र म्हणून आलेल्या फाइलीच्या नावाचा शेवट ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बॅट किंवा एलएनके या अक्षरांनी होत असेल, तर ती फाइल बिल, फोटो किंवा पत्र नाही.

दुसरा मार्ग वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींमधील मॅक्रोचा. मॅक्रो म्हणजे दस्तऐवजाच्या पोटात दडलेला छोटा प्रोग्रॅम. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच रोखायला सुरुवात केली. तरीही ‘मजकूर दिसण्यासाठी कंटेंट सुरू करा’ अशी विनवणी करणारी फाइल आली, तर ती पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. मजकूर वाचण्यासाठी मॅक्रोची कधीच गरज नसते.

अलीकडे आणखी एक युक्ती चांगलीच बोकाळली आहे. एखादे पान ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे म्हणते आणि चित्रे ओळखायला सांगण्याऐवजी विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर दाबा, अशी पाठोपाठ आज्ञा देते. यात घडते असे, की त्या पानाने आपल्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागेत, आधीच एक घातक आज्ञा टाकलेली असते आणि आपण ती स्वतःच्या हाताने चालवतो. कोणतीही खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर जाऊन कळा दाबायला लावत नाही.

फुकट मिळवलेले महागडे सॉफ्टवेअर, त्याचे कुलूप तोडणारे क्रॅक आणि खेळांचे चीट हाही मोठा दरवाजा आहे. अशा फाइलींसोबतच्या सूचनांत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे एक वाक्य हटकून असते, आणि चोराने घरमालकाला राखणदार झोपवायला सांगावे तसलाच हा प्रकार आहे. खरे सॉफ्टवेअरही शोधयंत्रातल्या पहिल्या जाहिरातीवरून उतरवू नये. ते बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा अधिकृत स्टोअरमधून घ्यावे. पेनड्राइव्हचा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, कारण पेनड्राइव्ह जोडताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालण्याची सोय विंडोज ७ पासून बंद करण्यात आली. पण तो संपलेला नाही: आपले फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट ठेवणारे व्हायरस अजूनही फिरत असतात.

आपण काहीही न उघडता व्हायरस आत येण्याची मुख्य वाट म्हणजे सॉफ्टवेअरमधली न बुजवलेली भेग. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअर वर्मने १५० देशांत दोन लाखांहून अधिक संगणक जायबंदी केले, आणि त्यासाठी कोणाला कशावर क्लिक करावे लागले नाही. ज्या भेगेतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेला होता. अपडेट पुढे ढकलण्याचे बटण दाबण्यापूर्वी ही तारीख आठवावी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा ती वापरणाऱ्यांनी विंडोज ११ कडे वळावे किंवा वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवावे.

खरेच व्हायरस आहे का, हे आधी ठरवा

संथपणा हा व्हायरसचा कमजोर पुरावा आहे. डिस्क काठोकाठ भरलेली असणे, मेमरी अपुरी असणे, मागे अपडेट चालू असणे किंवा पंख्यात धूळ साचून यंत्र तापणे, ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्क खातो आहे हे तिथे दिसते. आपण काही करत नसताना एखादा अनोळखी प्रोग्रॅम प्रोसेसर सतत पिळून काढत असेल तर संशयाला जागा आहे. मात्र तिथली विचित्र नावे पाहून सरसकट बंद करू नयेत, कारण विंडोजचे स्वतःचे कित्येक भागही विचित्रच नावांनी चालतात.

याउलट काही खुणा वजनदार असतात. अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे आणि पुन्हा सुरूच न होणे. इतर सगळी पाने उघडत असताना नेमकी अँटिव्हायरस कंपन्यांचीच पाने न उघडणे, जी खोड २००८ मध्ये पसरलेल्या कॉन्फिकर वर्मला होती. आपण न पाठवलेले संदेश ओळखीच्या लोकांना मिळणे. ब्राउझरचे मुख्य पान किंवा शोधयंत्र परस्पर बदलणे. फाइलींच्या नावांपुढे अनोळखी अक्षरे जोडली जाणे. यांतले एक जरी दिसले तरी पुढच्या पायऱ्या घ्याव्यात.

आणि पडद्यावरचा तो लाल इशारा? ब्राउझरच्या पानात उघडणारा, भोंगा वाजवणारा, फोन क्रमांक देणारा इशारा जवळजवळ नेहमी बनावट असतो. एखादे संकेतस्थळ आपल्या संगणकाची डिस्क तपासून त्यात किती व्हायरस आहेत हे सांगूच शकत नाही. पान बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. असेच इशारे पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात येत असतील, तर कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी चुकून दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी काढून अनोळखी नावे काढून टाकली की हा उपद्रव तिथेच संपतो. व्हायरस आला म्हणून माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावरच मिटल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींत घाबरलेल्या माणसाने भलतेच ‘सफाई सॉफ्टवेअर’ विकत घेऊनही झालेले होते.

सफाईच्या पायऱ्या

पहिली पायरी जोडणी तोडण्याची. वायफाय बंद करावे, नेटवर्कची तार असेल तर ती काढावी, आणि जोडलेले पेनड्राइव्ह व बाहेरची हार्ड डिस्क सुरक्षितपणे वेगळी करावी. यामुळे माहिती बाहेर जाणे थांबते, व्हायरसला बाहेरून आज्ञा मिळत नाहीत आणि शेजारचे संगणक वाचतात. या क्षणापासून सफाई पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावर एकही पासवर्ड टाइप करू नये.

दुसरी पायरी, दिसले ते लिहून ठेवावे. इशाऱ्यातील शब्द, फाइलीचे नाव, वेळ, त्याआधी काय उघडले होते, हे कागदावर टिपावे किंवा फोनने पडद्याचा फोटो घ्यावा. पुढे कोणाची मदत घ्यावी लागली तर ‘काहीतरी लाल लाल आले होते’ या वर्णनापेक्षा हा फोटो फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी तपासणीची. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो आणि सर्वसाधारण वापराला तो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन या भागात जावे. व्हायरसची ओळखयादी जुनी असेल तर तेवढ्यापुरते इंटरनेट जोडून ती अद्ययावत करावी आणि पुन्हा तोडावे. मग स्कॅन ऑप्शन्समधून फुल स्कॅन निवडावा. डिस्क मोठी असल्यास याला काही तास लागू शकतात, म्हणून लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवावा. झटपट होणारा क्विक स्कॅन फक्त नेहमीच्या लपण्याच्या जागा पाहतो. संशय पक्का असताना त्यावर विसंबू नये.

काही व्हायरस विंडोजसोबतच सुरू होतात आणि अँटिव्हायरसच्या नजरेपासून स्वतःला लपवतात. अशांसाठी त्याच यादीत ऑफलाइन स्कॅन हा पर्याय असतो. तो निवडल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो आणि नेहमीची विंडोज चालू होण्यापूर्वी, म्हणजे व्हायरसला उठण्याची संधी मिळण्यापूर्वी, साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते. हाती घेतलेले काम आधी साठवून ठेवावे.

व्हायरस सापडला की अँटिव्हायरस तो काढून टाकण्याची किंवा क्वारंटाइनमध्ये ठेवण्याची परवानगी मागतो. क्वारंटाइन म्हणजे फाइल नष्ट न करता ती चालू शकणार नाही अशा बंदिस्त जागी ठेवणे. नवशिक्याने नेहमी हाच पर्याय घ्यावा, कारण अँटिव्हायरसचीही चूक होऊ शकते. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि निर्दोष प्रोग्रॅमला कधीच दोष देणार नाही अशी पद्धत असूच शकत नाही, हे कोहेन यांनी १९८० च्या दशकातच तर्काने दाखवून दिले होते. अँटिव्हायरस ज्ञात व्हायरसांच्या खुणा जुळवतो आणि अनोळखी प्रोग्रॅमच्या वागण्यावरून अंदाज बांधतो. अंदाज म्हटला की तो चुकणेही आले. एखाद्या फाइलीबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती अनेक कंपन्यांच्या तपासणी यंत्रणांकडून एकाच वेळी तपासून घेता येते. मात्र तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतरांनाही पाहता येते, त्यामुळे खासगी कागदपत्रे तिथे टाकू नयेत.

स्कॅन मध्येच बंद पडत असेल किंवा अँटिव्हायरस उघडतच नसेल, तर सेफ मोडचा आधार घ्यावा. या अवस्थेत विंडोज फक्त अत्यावश्यक भाग सुरू करते, त्यामुळे बहुतेक व्हायरस झोपलेलेच राहतात. शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करावे. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि रीस्टार्ट या मार्गाने जावे आणि यादी आली की ४ दाबावा. डिस्कवर बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीचे कुलूप असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, तेव्हा ती आधीच शोधून ठेवावी. सेफ मोडमध्ये अनोळखी प्रोग्रॅम सेटिंग्जमधील अॅप्सच्या यादीतून काढावेत, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात अनोळखी नोंदी बंद कराव्यात, आणि मग तपासणी पुन्हा करावी.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी कायमचे बसवले तर ते एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात आणि संगणक रखडतो. दुसरे मत हवे असल्यास फक्त मागणीनुसार तपासणी करणारा एखादा नामांकित स्कॅनर वापरावा आणि काम झाल्यावर काढून टाकावा.

चौथी पायरी ब्राउझरची. अँटिव्हायरसने सगळे ठीक असल्याचे सांगितल्यावरही जाहिरातींचा पूर येत राहिला, तर दोष बहुधा एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतो. आपण जाणीवपूर्वक न बसवलेले प्रत्येक एक्स्टेन्शन काढावे, मुख्य पान व शोधयंत्र पुन्हा निवडावे, आणि तरीही फरक पडला नाही तर ब्राउझर मूळ स्थितीत आणण्याचा रीसेटचा पर्याय वापरावा.

पाचवी पायरी, माझ्या मते सर्वाधिक टाळली जाणारी, म्हणजे पुन्हा नव्याने विंडोज बसवणे. दोनदा सफाई करूनही व्हायरस परत येत असेल, किंवा पासवर्ड चोरणारा ट्रोजन सापडला असेल, तर तासन्तास शिकार करत बसण्यात अर्थ नसतो. फक्त आपले दस्तऐवज, फोटो आणि तत्सम फाइली बाहेर काढाव्यात, कोणताही प्रोग्रॅम किंवा इन्स्टॉलर सोबत घेऊ नये, आणि मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी या मार्गाने जाऊन रीसेट धिस पीसी निवडावे. तिथे सगळे काढून टाकण्याचा पर्याय घ्यावा आणि विंडोजची प्रत मायक्रोसॉफ्टकडून ताजी उतरवून घेणारा क्लाउड डाउनलोड हा मार्ग निवडावा. यात एक दिवस जातो, पण मनातली शंका उरत नाही.

सहावी पायरी पासवर्डची. साफ झालेल्या किंवा मुळातच दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. त्यानंतर बँक, मग समाजमाध्यमे. केवळ पासवर्ड बदलून भागत नाही: चोरट्याने ब्राउझरमधील लॉगिनच्या खुणा उचलल्या असतील तर तो पासवर्डशिवायही आत राहू शकतो, म्हणून ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय प्रत्येक खात्यात वापरावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. ईमेलच्या सेटिंगमध्ये आपली पत्रे परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम घुसवलेला नाही ना, हेही पाहावे.

फाइलींना कुलूप लागले असेल तर

रॅन्समवेअरची गोष्ट वेगळी, कारण व्हायरस काढला तरी फाइलींचे कुलूप निघत नाही. जोडणी तातडीने तोडावी, खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो घ्यावा आणि कुलूपबंद फाइली पुसू नयेत. नो मोअर रॅन्सम हा उपक्रम नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केला. त्याच्या संकेतस्थळावर चिठ्ठी किंवा एखादी कुलूपबंद फाइल दाखवली की रॅन्समवेअरचा प्रकार ओळखला जातो आणि त्याची किल्ली उपलब्ध असेल तर विनामूल्य मिळते. आज किल्ली नसली तरी काही महिन्यांनी, टोळी पकडली गेल्यावर, ती मिळू शकते; फाइली जपून ठेवायच्या त्या यासाठी. खंडणी भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही, आणि पैसे देणारा माणूस म्हणून आपली नोंद होते ती वेगळीच. पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार नोंदवावी.

यावर खरा उपाय म्हणजे आधीच घेतलेला बॅकअप. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडमध्ये, ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतो, म्हणून बॅकअप झाला की ती काढून ठेवावी. वर्षातून एकदोनदा तिच्यातली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी रिकामा निघाल्याचे दुःख मी जवळून पाहिले आहे.

फोनविषयी थोडक्यात

अँड्रॉइड फोनमध्ये धोका मुख्यतः प्ले स्टोअरबाहेरून, संदेशातून आलेल्या एपीके, म्हणजे अॅप बसवणाऱ्या फाइलींचा असतो. असे अॅप बसल्यावर ते अॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे मुळात अपंगांच्या सोयीसाठी असलेली परवानगी मागते, आणि ती दिली की पडद्यावरचे सारे त्याला वाचता येते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. फोन फ्लाइट मोडवर टाकावा, सेफ मोडमध्ये सुरू करावा, सेटिंग्जमध्ये त्या अॅपची अॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अॅडमिन या परवानग्या आधी काढाव्यात आणि मगच ते अॅप काढावे. परवानग्या शिल्लक असताना ते निघण्यास नकार देते. काम होत नसेल तर फोटो वाचवून फॅक्टरी रीसेट करावा. आयफोनवर असा प्रसंग विरळा. तिथे सेटिंग्जमध्ये अनोळखी प्रोफाइल, म्हणजे बाहेरून आलेला सेटिंगचा संच, बसवलेले नाही ना, एवढे मात्र पाहावे.

सफाईनंतरचे पंधरा दिवस

विंडोज, ब्राउझर आणि इतर प्रोग्रॅम यांचे सगळे अपडेट पहिल्याच दिवशी घ्यावेत. रोजच्या कामासाठी अॅडमिनचे अधिकार नसलेले साधे खाते तयार करावे, म्हणजे पुढे चुकून काही चालवले गेले तरी त्याला संपूर्ण यंत्रावर हात टाकण्यापूर्वी परवानगी मागावी लागते. अँटिव्हायरस खरोखर जागा आहे का, हे पाहण्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते, जिला सर्व नामांकित अँटिव्हायरस ठरवून व्हायरस मानतात; ती उतरवताच अडवली गेली तर राखण चालू आहे. आठवडाभराने पुन्हा एक फुल स्कॅन करावा, आणि बँकेच्या व्यवहारांवर या काळात रोज नजर टाकावी.

राहिले पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क. त्या एकेक करून जोडाव्यात, दोनदा क्लिक करून उघडण्याआधी उजव्या क्लिकने स्कॅन कराव्यात. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर ते न उघडता पुसावेत आणि फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स सुरू करावे. काही व्हायरस फोल्डरांवर सिस्टिमची खूणही लावतात, अशा वेळी फोल्डर ऑप्शन्समध्ये संरक्षित सिस्टिम फाइली लपवण्याच्या ओळीवरची खूण काढली की आपले मूळ फोल्डर तिथेच फिकट रंगात दिसतात. त्यांतल्या फाइली संगणकावर घेऊन, तपासून, पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. व्हायरस साफ केल्यावर महिन्याभरात ‘परत आला’ असे ज्यांना वाटते, त्यांच्या घरात असा एखादा विसरलेला पेनड्राइव्ह खणात पडलेला असतो.